सर्व्हरमधले भाग बसवणे आणि बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, कॉलेज, मध्यम आकाराचं हॉस्पिटल, कारखान्याचं ऑफिस अशा ठिकाणी आयटी विभाग म्हणजे बहुतेकदा एकखांबी तंबू असतो. सर्व्हरवर पिवळसर दिवा लागला की सगळे त्याच एका माणसाकडे बघतात. हे पान त्याच्यासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसणाऱ्या), २यू उंचीच्या (१यू म्हणजे रॅकमधली सुमारे साडेचार सेंटिमीटर उंची) रॅक सर्व्हरची घेतली आहेत, म्हणजे डेल पॉवरएज आर७४० किंवा एचपीई प्रोलायंट डीएल३८० जेन१० यांसारख्या यंत्रांची. अशी यंत्रं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि आता त्यांचं वय दुरुस्तीचं झालं आहे.

सर्व्हर बंद न करता नेमकं काय बदलता येतं?

पुढच्या बाजूच्या डिस्क, मागचे पॉवर सप्लाय आणि बऱ्याच २यू सर्व्हरमधले फॅन चालू यंत्रात बदलता येतात. रॅम, प्रोसेसर, रायझर (कार्डं ज्यात बसतात तो जोड-बोर्ड), कार्डं, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क मिळून एक संच म्हणून चालवणारं कार्ड), मदरबोर्ड यांपैकी काहीही चालू असताना काढायचं नाही.

कंपन्यांनी यासाठी रंग ठरवून दिले आहेत. डेलमध्ये विटकरी-नारिंगी रंगाची पकड म्हणजे चालू असताना काढता येणारा भाग. एचपीईमध्ये त्याच कामासाठी गडद मरून रंग असतो. निळा रंग म्हणजे "इथे हात लावून काढता येतं, पण आधी वीज बंद करा". निळी कडी दिसली की ती बिनधास्त ओढायची असते असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे.

फॅनचं मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं. आर७४० मधले सहा फॅन चालू असताना बदलता येतात, काही १यू सर्व्हरमधले येत नाहीत. आतल्या एम.२ (पट्टीसारख्या छोट्या) एसएसडीचंही तसंच. डेलच्या जुन्या बॉस-एस१ या बूटसाठीच्या कार्डावरची एम.२ बदलायला सर्व्हर बंद करावा लागतो, नंतरच्या बॉस-एस२ ची मागच्या बाजूने चालू यंत्रात निघते.

झाकण उघडण्याआधी काय करून ठेवायचं?

बॅकअप घेतला आहे का, हे विचारू नका. तो परत उघडतो का, ते बघा. एखादी फाइल, एखादा डेटाबेस दुसरीकडे रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप आहे असं धरायचं नाही.

त्यानंतर आयड्रॅक (डेल) किंवा आयलो (एचपीई) या सर्व्हरमधल्याच देखरेखीच्या सोयीत जाऊन हार्डवेअरची पूर्ण यादी आणि सिस्टिम लॉग उतरवून घ्या. नेमका कोणता भाग, कोणत्या स्लॉटमधला, त्याचा पार्ट नंबर काय, हे लॉगमध्ये लिहिलेलं असतं. नवा भाग हातात आल्यावर त्याचं लेबल या यादीशी ताडून पाहा, मगच डाउनटाइम मागा. रात्री अकराला सर्व्हर उघडून बसल्यावर "अरे, ही रॅम वेगळीच आली" हे कळण्यासारखी दुसरी फजिती नाही.

विंडोज सर्व्हरवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी बाजूला काढून ठेवा. बायोस अपडेट केलं, टीपीएमची (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा चिपची) सेटिंग्ज बदलली किंवा मदरबोर्ड बदलला की ती मागितली जाऊ शकते. आणि ती की त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगायला नको, पण सांगतो.

रॅकमधून एका वेळी एकच सर्व्हर बाहेर ओढायचा. डिस्कने भरलेला २यू सर्व्हर २५-३० किलोंच्या घरात जातो, असे दोन बाहेर आले तर रॅक पुढे झुकू शकतो. खाली उतरवायचा असेल तर दुसरा माणूस बोलवा.

शटडाउन केलं, आता उघडू का?

अजून नाही. शटडाउन झालेल्या सर्व्हरमध्येही केबल लावलेली असेपर्यंत स्टँडबाय वीज चालू असते. आयड्रॅक किंवा आयलो त्यावरच जागं असतं. दोन्ही पॉवर केबल काढा, मग पुढचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. बोर्डवर कुठेही दिवा लागलेला दिसत असेल तर रॅमला हात लावू नका. स्टँडबाय चालू असताना काढलेली किंवा घातलेली रॅम स्वतः जाऊ शकते, कधी स्लॉटही घेऊन जाते.

अँटी-स्टॅटिक पट्टा खरंच लागतो का? आम्ही तर नेहमी तसंच करतो.

अंगावरची स्थिर वीज आपल्याला "चटका" म्हणून जाणवते तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेलेली असते. चिपला इजा व्हायला त्याच्या कितीतरी खाली, काही वेळा १०० व्होल्टच्या आतही पुरतं. म्हणजे नुकसान झालं ते तुम्हाला कळणारच नाही. शिवाय भाग लगेच मरतो असंही नाही. तो अर्धमेला होऊन चार महिन्यांनी एरर द्यायला लागतो, आणि तोवर त्या दिवसाचं काम सगळे विसरलेले असतात. "आजवर काही झालं नाही" हे म्हणूनच टिकत नाही.

हवा कोरडी असली की धोका वाढतो. विदर्भ-मराठवाड्यातला हिवाळा आणि उन्हाळा, किंवा चोवीस तास एसी चालणारी खोली, दोन्ही त्यात आले. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात स्थिर वीज कमी, पण तिथे दवाची भानगड. एसी गोदामातून किंवा गाडीतून आलेला थंड भाग दमट खोलीत लगेच उघडला तर त्यावर पाणी धरतं. पाकीट बंद ठेवून तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पट्ट्याची क्लिप सर्व्हरच्या रंग नसलेल्या धातूला लावायची. केबल काढल्यावर चेसिसचं अर्थिंग सुटलेलं असतं, तरी पट्टा उपयोगी पडतो, कारण तुम्ही आणि चेसिस एकाच पातळीवर येता. पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला स्पर्श झालाच तर अंगातून पाव मिलीअँपिअरपेक्षा कमी करंट जावा म्हणून. घरी वायर जोडून बनवलेल्या पट्ट्यात हा रेझिस्टर नसतो, म्हणून तो वापरायचा नाही.

जाता जाता एक. सर्व्हरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, पार्ट नंतर मागवा. अर्थिंग नसलेल्या जागी नवे पॉवर सप्लाय घालत राहणं म्हणजे पैशाचा धूर.

एक डिस्क गेली आहे. काढून दुसरी लावली की झालं ना?

सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात जास्त डेटा इथेच जातो. डिस्क बदलताना कोणाचा हात चुकत नाही, नंबर चुकतो.

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेला एक संच, त्यालाच ॲरे म्हणतात. चार डिस्कचा रेड ५ धरा, ज्यात एकच डिस्क गेलेली चालते. एक डिस्क गेली, तरी उरलेल्या तीनवर काम चालू आहे. आता तुम्ही खराब डिस्कच्या ऐवजी शेजारची चांगली ओढली तर त्याच क्षणी ॲरे बंद. हे घडतं कसं? लॉगमध्ये "डिस्क ३" लिहिलेलं असतं आणि माणूस डावीकडून तिसरी ओढतो, पण डेलमध्ये मोजणी शून्यापासून असते, म्हणजे डिस्क ३ चौथी निघते. लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड असेल तर "एसडीबी" म्हणजे दुसरी डिस्क असं धरलं जातं, आणि ही अक्षरं रीबूटनंतर बदलू शकतात.

म्हणून ओळख पटवायची ती सिरियल नंबरवरून. कंट्रोलरच्या यादीतला खराब डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या, मग त्याच स्क्रीनवरून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवा. ही सोय प्रत्येक चांगल्या कंट्रोलरमध्ये असते. पुढे जाऊन बघा, कोणता दिवा लुकलुकतोय. डिस्क पूर्णच मेलेली असेल आणि दिवाच लागत नसेल तर उलटं करा. बाकीच्या चांगल्या डिस्क एकेक करून लुकलुकवा, जी उरते ती तुमची.

ओढण्याआधी अजून एक गोष्ट. उरलेल्या डिस्कचे मीडिया एरर आणि "प्रेडिक्टिव्ह फेल्युअर" (लवकरच बंद पडण्याचा इशारा) बघा. दुसरीही डिस्क कुरकुरत असेल तर आधी ताजा बॅकअप, मग बदल. रीबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा तयार होताना, उरलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा वाचला जातो आणि लपलेली दुखणी तेव्हाच वर येतात.

आता काढणं. कॅडीची (डिस्क बसवलेल्या चौकटीची) कळ दाबा, डिस्क दोन-तीन सेंटिमीटर बाहेर घ्या आणि तिथेच थांबा. आत तबकडी अजून फिरत असते. अर्ध्या मिनिटाने ती थांबली की पूर्ण काढा. हातात आल्यावर लेबलवरचा सिरियल नंबर कागदाशी जुळवा. जुळला नाही तर तशीच परत आत ढकलण्याआधी खालचा प्रश्न वाचा. जुळला तर जुन्या कॅडीचे स्क्रू काढून नवी डिस्क त्यात बसवा, सरळ आत सरकवा, कडी मिटवा. हार्डवेअर रेडमध्ये रीबिल्ड बहुतेकदा आपोआप सुरू होतं, सॉफ्टवेअर रेड किंवा झेडएफएसमध्ये (रेड स्वतःच सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) आज्ञा द्यावी लागते.

घाईत चुकीची डिस्क ओढली. आता?

हात मागे घ्या. नवा ॲरे बनवू नका, इनिशियलाइज करू नका, "क्लिअर फॉरेन" दाबू नका. चुकून काढलेली डिस्क त्याच स्लॉटमध्ये परत घाला. कंट्रोलर तिला "फॉरेन" (परकी) म्हणून दाखवेल. तिथे इम्पोर्टचा पर्याय असतो. मुद्दा इतकाच की शेवटी बाहेर आलेली डिस्क आधी परत यायला हवी. आधीपासून मेलेल्या डिस्कवरचा डेटा शिळा असतो, तिला जबरदस्तीने ऑनलाइन आणलं तर उरलेलंही बिघडतं. खात्री नसेल तर सर्व्हर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याला फोन करा. या क्षणी फोनचं बिल सगळ्यात स्वस्त असतं.

रीबिल्डला किती वेळ लागतो?

८ टीबीची डिस्क २०० एमबी प्रति सेकंद या वेगाने सलग लिहिली तरी ११ तास लागतात, आणि हा कागदावरचा हिशेब आहे. सर्व्हर कामात असेल तर सहज एखाद-दोन दिवस. या काळात रेड ५ ला दुसरा धक्का सहन होत नाही. साध्या डेस्कटॉप साटा डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिट वाचल्यावर एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते असं लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे १२.५ टीबी. ८ टीबीच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये रीबिल्डला २४ टीबी वाचावे लागतात. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा चांगल्या वागतात, पण मोठ्या डिस्कसाठी रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालणारा) किंवा रेड १० (जोडीजोडीने प्रती ठेवणारा) घ्या असं लोक का म्हणतात ते यावरून कळेल. सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये हा आकडा दहापट चांगला, १०^१५ असतो.

कोणतीही डिस्क चालते का? लॅमिंग्टन रोडला निम्म्या किमतीत मिळते आहे.

आकाराने जुन्याइतकी किंवा मोठी हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. जातही तीच हवी : एसएएसच्या (सर्व्हरसाठीच्या डिस्क-जोडणीच्या) जागी एसएएस, एसएसडीच्या जागी एसएसडी. एसएएस बॅकप्लेनवर (डिस्क ज्यात जाऊन बसतात त्या बोर्डवर) साटा डिस्क चालते, पण एसएएस डिस्क साटाच्या जागी बसतच नाही. कनेक्टरमधली खाच भरलेली असते.

जुन्या बाजारातल्या एसएएस डिस्कमध्ये एक खास गोम असते. त्यातल्या अनेक मोठ्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या असतात आणि ५१२ ऐवजी ५२० बाइटच्या सेक्टरने फॉरमॅट केलेल्या असतात. सर्व्हर अशी डिस्क दाखवतो, पण वापरत नाही. लिनक्सवर तिला ५१२ चा लो-लेव्हल फॉरमॅट देऊन सुधारता येतं, त्यात काही तास जातात. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. हे माहीत असून घेत असाल तर खुशाल घ्या. रोजच्या खऱ्या कामाच्या सर्व्हरसाठी मी घेणार नाही.

फर्मवेअर अपडेट करायलाच हवं का? चालतंय ते चालू द्यावं ना.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल सूचना काढली : एकूण ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, ही डिस्क बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. फर्मवेअरमधला (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममधला) तासांचा मोजणारा तिथे फुटत होता. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही एसएसडींसाठी तशीच सूचना आली, या वेळी आकडा ४०,००० तासांचा होता. आता विचार करा, एकाच दिवशी एकाच खोक्यातून आलेल्या सहा एसएसडी एकाच ॲरेत लावल्या असतील तर काय होईल? सगळ्यांचं घड्याळ एकच. तिथे रेड ६ सुद्धा काही करू शकत नाही. उपाय होता तो फक्त वेळेत केलेला फर्मवेअर अपडेट.

तेव्हा हो, डिस्क आणि कंट्रोलरचं फर्मवेअर बघायचं. मात्र पार्ट बदलणं आणि सगळी फर्मवेअर अपडेट करणं एकाच रात्री उरकू नका. बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही.

रॅम वाढवायची आहे. रिकाम्या स्लॉटमध्ये घातली की चालेल?

चालू होईल, कदाचित. पण हळू चालेल किंवा बूट होताना तक्रार करेल. प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगवेगळ्या चॅनलमध्ये वाटलेली असते. आर७४० आणि डीएल३८० जेन१० मध्ये प्रत्येक प्रोसेसरला सहा चॅनल, प्रत्येक चॅनलवर दोन स्लॉट, असे एकूण २४. दोन्ही प्रोसेसरना सारख्याच क्षमतेच्या सहा-सहा स्टिक मिळाल्या की सगळे चॅनल भरतात आणि पूर्ण वेग मिळतो. १२८ जीबी हवेत म्हणून एकाच प्रोसेसरपाशी ६४ च्या दोन स्टिक कोंबणं हा त्या यंत्रावर अन्याय आहे.

आर७४० वर आधी पांढऱ्या कड्यांचे स्लॉट भरायचे, मग काळ्या. एचपीईचा क्रम वेगळा असतो. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं चित्र बघा, तिथे सगळं दिलेलं असतं आणि ते क्वचितच कोणी वाचतं. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट मेलेले समजा. तिथे घातलेली रॅम दिसणार नाही.

बसवताना दोन्ही टोकांच्या कड्या पूर्ण बाहेर पाडा. स्टिक फक्त कडांना धरून उचला, सोनेरी टोकांना बोट लागू देऊ नका. खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आली का ते वाकून, बाजूने बघा. मग दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. आधी एक टोक आणि मग दुसरं असं करायचं नाही. कड्या आपोआप वर येऊन "टक्" व्हायला हव्यात. त्या बोटाने ढकलून मिटवाव्या लागल्या तर स्टिक नीट बसलेली नाही. पहिल्यांदा दाबताना लागणारा जोर घाबरवतो, पण सर्व्हरचे स्लॉट असतातच घट्ट.

सुरू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहील. नवी रॅम दिसली की बायोस तिचं ट्रेनिंग करतं, जितकी रॅम जास्त तितका वेळ जास्त. या वेळात घाबरून वीज बंद करू नका.

दुसऱ्या सर्व्हरमधली किंवा डेस्कटॉपची रॅम?

डेस्कटॉपची नाही. सर्व्हरमध्ये बहुतेक आरडिम किंवा एलआरडिम (सर्व्हरच्या रॅमच्या दोन जाती) असते आणि या दोन जातीही एकत्र चालत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. डीडीआर५ मध्ये तर आरडिमला १२ व्होल्ट आणि डेस्कटॉपच्या साध्या युडिमला ५ व्होल्ट मिळतात. बसत नसेल तर जोर लावू नका, बसत नाही यामागे कारण आहे.

वेगवेगळ्या वेगाच्या आरडिम एकत्र चालतात, सगळ्या मिळून सगळ्यात हळू स्टिकच्या वेगाने.

लॉगमध्ये रॅमची "करेक्टेबल एरर" येते. लगेच बदलू?

एखादी आली तर नाही. ईसीसी रॅमचं कामच ते आहे : एका बिटची चूक दुरुस्त करायची, दोन बिटांची पकडायची. गूगलच्या सर्व्हरवर टोरांटो विद्यापीठातल्या संशोधिकेसोबत झालेल्या आणि २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त डिममध्ये (रॅमच्या स्टिकमध्ये) अशा दुरुस्त होणाऱ्या चुका आढळल्या होत्या. एकाच स्लॉटची तीच तक्रार वाढत गेली की मात्र हालचाल करायची.

आधी एकदा रीबूट करा, स्टिक जागची हलवू नका. नव्या पिढीतले काही सर्व्हर बूट होताना खराब ओळीच्या जागी राखीव ओळ लावून घेतात आणि त्यासाठी स्टिक त्याच स्लॉटमध्ये असावी लागते. तरीही एरर आली तर तिची दुसऱ्या एका स्टिकशी अदलाबदल करा. एरर स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब. जुन्या स्लॉटवरच राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची पिन बघावी लागेल. "अनकरेक्टेबल" आली असेल तर हे प्रयोग करत बसू नका, स्टिक बदला.

पॉवर सप्लाय बदलताना काय बघायचं?

दोन्ही एकाच वॅटचे आणि एकाच जातीचे हवेत. ७५० च्या जोडीला ११०० चालत नाही. आधी त्या सप्लायची केबल काढायची, मग कडी दाबून ओढायचं. नवा आत ढकलून "टक्" झाल्यावर केबल लावायची. एवढंच.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे केबल जातात कुठे. दोन्ही एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत असतील तर दोन सप्लाय घेण्याचे पैसे वाया गेले. आणि सर्व्हर ९०० वॅट खात असेल तर ७५० चे दोन मिळून तो चालेल, पण एक गेल्यावर उरलेला एकटा त्याला पेलणार नाही. किती वॅट जातात ते आयड्रॅक-आयलोमध्ये रोज दिसतं.

फॅन?

झाकण उघडल्यावर हवेचा मार्ग मोडतो, म्हणून डेल झाकणाशिवाय पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका असं सांगतं. नवा फॅन हातात घेऊनच झाकण उघडा. साधे आणि हाय-परफॉर्मन्स फॅन मिसळू नका. आतलं प्लास्टिकचं हवा वळवणारं आवरण, रिकाम्या रॅम स्लॉटमधले आणि रिकाम्या डिस्कच्या जागचे खोटे तुकडे, हे फेकून देऊ नका. ते नसले की हवा सोप्या वाटेने निघून जाते आणि प्रोसेसर तापतो.

प्रोसेसर आपण स्वतः बदलावा का?

वेळ, उजेड आणि शांतता असेल तर बदलता येतो. पण सर्व्हरमधलं हे एकच काम असं आहे, ज्यात एका सेकंदात मदरबोर्ड जातो. इंटेलच्या झिऑनच्या पिना प्रोसेसरवर नसतात, बोर्डवरच्या सॉकेटमध्ये असतात. आर७४० च्या सॉकेटमध्ये अशा ३६४७, केसाएवढ्या बारीक आणि वाकवलेल्या. त्यावर स्क्रू पडला, बाहीचं टोक घासलं की संपलं. वाकलेली पिन सुईने सरळ करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला सलाम, पण त्यावर बँकेचा डेटाबेस ठेवू नये.

या पिढीत प्रोसेसर आणि हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मिळून एकच तुकडा बाहेर येतो. टी३० टॉर्क्स पेचकस लागतो. स्क्रूचा क्रम हीट सिंकवर आकड्यांनी छापलेला असतो. सोडताना आणि आवळताना तो पाळायचा, नाहीतर एका बाजूला दाब येऊन तुकडा तिरका होतो. उचलायचा तो सरळ वर. मग उलटा करून टेबलावर ठेवा आणि सॉकेटवर लगेच धुळीचं झाकण लावा.

मध्ये लावलेल्या, आता वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर हीट सिंकला चिकटून बसलेला असतो. तो नखाने उपसायचा नाही. प्रोसेसरभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीला त्यासाठी एक फट दिलेली असते, तिथे सपाट पेचकस घालून हलकेच फिरवला की पेस्टचा बंध सुटतो. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, राखाडी डाग उरेपर्यंत नाही, चकचकीत होईपर्यंत. नव्या हीट सिंकवर पेस्ट आधीच असेल तर वरून आणखी लावू नका. प्रोसेसर चौकटीत बसवताना कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण चौकटीवरच्या त्रिकोणाशी जुळवा.

दोन गोष्टी आधीच बघा. दोन्ही प्रोसेसर एकाच मॉडेलचे हवेत. आणि २०१७ च्या पहिल्या पिढीच्या झिऑन स्केलेबलच्या जागी २०१९ ची दुसरी पिढी घालत असाल तर सॉकेट तोच आहे, पण बायोस आधी, जुन्या प्रोसेसरवर असतानाच अपडेट करायचं. नंतर करू म्हणालात तर नवा प्रोसेसर बूटच होणार नाही. जास्त वॅटच्या प्रोसेसरला मोठा हीट सिंक, काही वेळा वेगळे फॅनही लागतात.

जुना एपिक प्रोसेसर स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

तो आधी कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये होता ते विचारा. एएमडीच्या एपिकमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाची सोय आहे. ती चालू असलेल्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर एकदा बूट झाला की त्यातले फ्यूज कायमचे जळतात आणि तो त्या कंपनीच्या बोर्डाशी बांधला जातो. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर तो चालू होत नाही, आणि हे उलटवता येत नाही.

नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू टाकल्यावर फॅन विमानासारखे का ओरडतात?

डेलला ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं की त्याचं तापमान कळत नाही, म्हणून तो सावधगिरीने फॅन वाढवतो. आयड्रॅकमधून ही प्रतिक्रिया बंद करता येते. फक्त कार्ड खरंच थंड राहतंय का, ते तुम्ही बघायचं.

कार्ड दिसतच नसेल तर रायझर कोणत्या प्रोसेसरला जोडलेला आहे ते पाहा. दुसरा प्रोसेसर नसेल तर त्याचे स्लॉटही नाहीत.

जीपीयूच्या केबलबाबत जास्त काळजी. टेस्ला व्ही१०० किंवा ए१०० सारख्या सर्व्हर कार्डांना आठ पिनांची प्रोसेसरवाली केबल लागते, गेमिंग कार्डाला लागते ती पीसीआयई केबल नाही. दिसायला दोन्ही सारख्या, आतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या. सर्व्हर कंपन्यांच्या स्वतःच्या केबल आणखी वेगळ्या. त्या मॉडेलचा पार्ट नंबर असलेलीच केबल घ्या.

डिस्क सगळ्या ठीक आहेत, तरी सर्व्हर अचानक हळू झाला.

रेड कंट्रोलरची बॅटरी बघा. ती गेली की कंट्रोलर कॅशेमध्ये (स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत) लिहून "झालं" म्हणणं बंद करतो आणि प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहायला लागतो. टॅली किंवा कोअर बँकिंगवाले लगेच ओरडतात. बॅटरी बदलली, चार्ज झाली की वेग परत येतो. बॅटरीशिवाय कॅशे जबरदस्तीने चालू ठेवण्याचा पर्याय दिसेल. वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेला डेटाबेस कोण निस्तरणार, ते आधी ठरवा.

रीबूटनंतर तारीख मागे जाते.

बोर्डवरची सीआर२०३२, तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी. बदलण्याआधी बायोसच्या सेटिंग्जचे फोटो काढा, विशेषतः बूट मोडचे.

मदरबोर्ड बदलल्यावर काय काय बिघडतं?

नेटवर्कचे मॅक पत्ते (पोर्टांचे हार्डवेअर क्रमांक) बदलतात. डीएचसीपीत (आयपी वाटणाऱ्या सेवेत) बांधलेले आयपी, मॅकवर अडकलेली सॉफ्टवेअर लायसन्स, स्विचवरची पोर्ट सिक्युरिटी या सगळ्यांची यादी आधी करा. टीपीएम एकदा लावला की त्या बोर्डशी बांधला जातो, तो काढून नव्या बोर्डावर चालत नाही. इथे बिटलॉकरची ती की लागते. डेलमध्ये सर्व्हिस टॅग आणि लायसन्स "ईझी रिस्टोअर" मधून परत आणता येतात, पहिल्या बूटला तो विचारतो तेव्हा हो म्हणा. एचपीईमध्ये सिरियल नंबर आणि प्रॉडक्ट आयडी हाताने भरावे लागतात, नाहीतर वॉरंटीच्या कॉलला ते यंत्र सापडत नाही.

सगळं लावलं, पण चालू होत नाही.

शेवटी जे बदललं ते परत काढा. त्यानेही झालं नाही तर एक प्रोसेसर, त्याच्या पहिल्या स्लॉटमध्ये एक स्टिक, एक पॉवर सप्लाय, बाकी सगळं बाहेर. इतक्यावर चालू झाला की एकेक परत घालत जा. आयड्रॅक किंवा आयलो मात्र सर्व्हर बंद असतानाही उघडतं, लॉग तिथे वाचा. आणि रायझर पूर्ण दाबला आहे का, झाकण नीट बंद आहे का, तेही एकदा.

आपण उघडलं तर वॉरंटी जाते का?

झाकण उघडल्याने नाही. डिस्क, रॅम, फॅन, पॉवर सप्लाय यांतले बरेच भाग ग्राहकाने बदलावेत अशीच दोन्ही कंपन्यांची योजना असते. बाहेरून आणलेल्या भागाची जबाबदारी ते घेत नाहीत, आणि कॉल लावल्यावर आधी तो काढायला सांगतात. वाकलेल्या पिना ही ग्राहकाची चूक धरली जाते. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) तिसऱ्याकडे असेल तर करारात कोण काय उघडणार ते लिहून घ्या.

काढलेली खराब डिस्क भंगारात द्यायची का?

तशीच नाही. "खराब" डिस्कवरचा डेटा बहुतेकदा वाचता येतो, आणि रेड १ मधली (जिथे प्रत्येक डिस्क दुसरीची पूर्ण प्रत असते) डिस्क तर एकटीच पूर्ण वाचता येते. वॉरंटीत बदलून मिळालेली डिस्क कंपनी परत मागते. खातेदारांची किंवा रुग्णांची माहिती असेल तर डिस्क स्वतःकडे ठेवण्याची सेवा खरेदीच्या वेळीच करारात घ्या. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या आणि नष्ट केल्याचा, सिरियल नंबर लिहिलेला दाखला मागा. फिरत्या डिस्कला डिगॉसिंग (जोरदार चुंबकाने पुसणं) चालतं. एसएसडीवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही, तिच्या चिपाच फोडाव्या लागतात.